‘गमत नाही’ असे ते म्हणतात तेव्हा

“मले येथं गमत नाही.” पूर्व विदर्भातील कितीतरी घरांत वृद्ध माणसाच्या तोंडी हे वाक्य येते. पुस्तकी मराठीत त्यालाच ‘करमत नाही’ म्हणतात. वाचकहो, आपण स्वतः हे कधी म्हटले असेल, किंवा आपल्या वडिलांकडून, सासूबाईंकडून ते ऐकून निरुत्तर झाला असाल. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या धानाच्या गावातून उतारवयात मुलाकडे भंडाऱ्यास अथवा नागपुरास आलेल्या माणसाचे पोट भरलेले असते, डोक्यावर पंखा असतो, दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो, आणि तरीही आषाढाचा पाऊस लागला की तो खिडकीशी उभा राहून विचारतो, “रोवणी लागली असल का?” घरातल्यांना वाटते, आम्ही कुठे कमी पडलो. वस्तुतः या प्रश्नाचा रोख घरातल्यांकडे नसतोच.

या हुरहुरीला वैद्यकाने एकेकाळी रोग ठरवले होते. 1688 मध्ये बाझेल येथील विद्यार्थी योहानेस होफर याने आपल्या प्रबंधात, घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांच्या झुरणीला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते घडवलेले आहे. आज वैद्यकशास्त्र तिला रोग मानीत नाही. उलट, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की, जुन्या आठवणी जागवल्यानंतर माणसाला आपण कोणाचे तरी आहोत ही भावना अधिक जाणवते. म्हणून “आता गाव विसरा” हा उपदेश, तो कितीही मायेने केलेला असो, उपयोगाचा नाही. पऱ्हे कधी टाकायचे, कोणत्या बांधीत पाणी आधी भरते, उभ्या धानात लाखोरी कशी फेकायची, हे आजोबांना विचारावे. ऐकणाऱ्याचा अर्धा तास जातो. सांगणाऱ्याचा दिवस बरा जातो.

मात्र ओढ ही केवळ मनात नसते, ती अंगातही मुरलेली असते. ग्रॅहम रोल्स या अभ्यासकाने अमेरिकेतील अॅपलेशियन डोंगराळ प्रदेशातल्या वृद्धांजवळ दीर्घकाळ राहून हे नोंदवले. एकाच जागी आयुष्य काढलेल्या माणसाचे शरीर त्या जागेला ओळखते, तिथल्या लोकांत त्याचे स्थान ठरलेले असते, आणि त्या जागेच्या कोपऱ्याकोपऱ्यात त्याचे गतायुष्य साठलेले असते, असे त्याचे म्हणणे. पहिला मुद्दा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गावच्या घरात अमावास्येच्या रात्रीही आजी उंबरठा चुकत नाही; ओसरीवरून सांदवाडीत जाताना कुठे वाकायचे, भिंतीला कुठे हात टेकायचा, हे तिच्या पायांना आणि हातांना पाठ असते. शहरातल्या सदनिकेत ही सारी पाठ केलेली विद्या एका दिवसात निरुपयोगी होते. गुळगुळीत फरशी, न्हाणीघराची अनोळखी पायरी, बटण कुठे ते आठवत नाही. स्थलांतरानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पडण्याची धास्ती म्हणूनच अधिक धरावी.

येथे उपाय साधे आहेत आणि ते औषधाआधी करावेत. खाट गावी ज्या दिशेला होती, दार उजव्या हाताला होते की डाव्या, हे विचारून शक्य तितके तसेच लावावे. पाण्याचा तांब्या नेहमीच्या हाताशी असावा. न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा, संडासाशेजारी धरायला दांडी बसवावी. आणि त्यांच्या सामानाला ‘भंगार’ म्हणू नये. गावाहून आणलेला जुना पाट किंवा पितळेची घागर बैठकीत शोभत नसेल. परंतु त्या खोलीतील तेवढीच वस्तू त्यांना ओळखते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आठवणीतल्या गावात चिखल नसतो. प्रत्यक्षात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करताना पाठीचे काय झाले, पावसाळ्यात रात्री विंचू-साप निघाला तर दवाखाना किती दूर वाटला, हे त्याच पिढीने सोसले आहे. पुरुषाची आणि स्त्रीची ओढ सारखीच असते, असेही समजू नये. पारावरची बैठक, शेताची फेरी आणि गावातला मान यांसाठी आजोबा झुरतात, तेव्हा आजी कधी कधी हळूच म्हणते की नळाला पाणी येते, चुलीचा धूर नाही, येथे मला बरे आहे. तिचे हे वाक्य गावाशी गद्दारी नव्हे. आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलेल्या बाईला मिळालेली विश्रांती आहे ती. दोघांची ओढ वेगवेगळी ऐकून घ्यावी.

गोसेखुर्द प्रकल्पामुळे ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांचे दुःख मात्र निराळ्या जातीचे आहे. 1988 मध्ये त्या धरणाची पायाभरणी झाली, आणि वैनगंगाकाठच्या अनेक कुटुंबांना परतण्यासाठी ते घर, ती वाटच उरली नाही. करडीच्या माणसाला एस.टी. धरून गावी जाता येते. हा फरक लहान नाही, आणि तो वापरला पाहिजे. त्याविषयी पुढे सांगतो.

शहरात समाधान येते ते बहुधा गाव विसरल्याने येत नाही, येथे काही काम हाती लागल्याने येते. 1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील एका वृद्धनिवासात लहानसा प्रयोग केला. एका गटाला छोटे छोटे निर्णय स्वतः घेण्यास सांगितले आणि प्रत्येकाला एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या गटाचे रोप कर्मचारी सांभाळत. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक तरतरीत आणि आनंदी दिसला. आपल्या घरी गच्चीत पोपटीच्या शेंगांचा एक वेल आजोबांच्या स्वाधीन करावा, आणि मग त्यात लुडबुड करू नये. भाजी निवडून आणण्याचे, नातवाला शाळेत पोहोचवण्याचे काम खरे असावे. मन रमवण्यासाठी दिलेले खोटे काम वृद्धांना तत्काळ ओळखू येते. सायंकाळी भंडाऱ्याच्या खांब तलावाकडे किंवा आपल्या मोहल्ल्यातील मंदिराकडे पायी जावे. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. शेतावर हे सारे न मोजता होत असे. शहरात ते ठरवून करावे लागते.

जेवणाचेही तसेच. लाखोरीच्या डाळीची आठवण येते, ती अधूनमधून करण्यास हरकत नाही. परंतु ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा विकार संभवतो, म्हणून प्रमाण थोडे ठेवावे आणि भिजवलेले पाणी टाकून द्यावे.

आता सर्वांत सावध राहण्याची गोष्ट. ‘गावची आठवण येते’ या वाक्याआड नैराश्य लपू शकते. साधी हुरहुर लाटेसारखी येते आणि ओसरते. गावाची गोष्ट सांगताना माणूस हसतो, चवीने जेवतो. नैराश्यात गावाच्या गोष्टीतही रस उरत नाही. पहाटे लवकर जाग येणे, वजन घटणे, “माझा आता काय उपयोग” असे वारंवार म्हणणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, ऐकू कमी येणे यांनीही माणूस असाच मिटून जातो, तेव्हा तपासणी हवी. बोलण्यासाठी शासनाची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी 14567 या क्रमांकावर आहे.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती स्वतःच्या घरात बसूनही, विशेषतः दिवस मावळताना, “मला घरी न्या” म्हणते. “हेच तर घर” असा वाद घालू नये. आधी भूक, लघवी, दुखणे यांची चौकशी करावी, मग शांतपणे विचारावे, “घरी कोण कोण आहे?” पुष्कळदा त्यांना जागा नव्हे, आधार हवा असतो.

आणि ज्यांना जाता येते त्यांना न्यावे. “पुढच्या महिन्यात जाऊ” असे खोटे आश्वासन देऊ नये. ते ध्यानात राहते. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम: पाऊस संपलेला, हवा सुखद, कुठे धानाची कापणी, कुठे मळणी, गावोगावी मंडई आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. मुक्काम दोन-चार दिवसांचा ठेवावा, गोळ्या पुरतील त्याहून थोड्या अधिक घ्याव्यात, नाटकाला गेल्यास कान व छाती झाकावी, आणि निघण्यापूर्वी पुढच्या भेटीचा महिना त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावा. एक दक्षता विशेष: पावसाळ्यात व त्यानंतर गवतातील बारीक कीटकांमुळे स्क्रब टायफस होतो; 2018 मध्ये नागपूर परिसरात त्याची मोठी साथ आली होती. गवतावर वा तणसाच्या ढिगावर बसू नये, घरी येताच अंघोळ करून कपडे धुण्यास टाकावेत. परतल्यानंतर तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा आणि “गावी शेतावर जाऊन आलो” हे डॉक्टरांना विचारण्याची वाट न पाहता सांगावे.