जुन्या बाईकवर बायकोला शिकवताना

नवी मुंबईत रविवारी पहाटे खारघर-उलव्याचे रुंद रस्ते मोकळे असतात. गाडी शिकायला ही उत्तम वेळ. मात्र त्यासाठी जुनी बुलेट काढू नका. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ती सवय लागली की दुसऱ्या गाडीवर ऐनवेळी ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. त्यापेक्षा हलकी, डाव्या गिअरची जुनी स्प्लेंडर बरी.

आधी गाडीकडे बघा. खाडीची खारी हवा आणि पावसाळा यांनी क्लच वायर आतून गंजते. लिव्हर जड होतो, सोडताना अडकतो आणि गाडी झटका देऊन बंद पडते. शिकणारीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. याचं फार वाईट वाटतं, कारण दोष वायरचा असतो. वायर बदला, लिव्हरच्या टोकाला साधारण १०-१५ मिलिमीटर ढील ठेवा. मग सपाट रस्त्यावर, अगदी थोडी रेस देऊन, क्लच हळूहळू सोडत गाडी नुसती पुढे सरकवायला सांगा. हे सहज होईपर्यंत दुसरा गिअर नको.

लर्निंग लायसन्स, गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ आणि दोघांनाही हेल्मेट हवंच. हे लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते.