जुना खेळ पुन्हा का हवासा वाटतो?

माळ्यावर ठेवलेला कॅरम बोर्ड दहा वर्षांनी खाली काढला, तरी धूळ पुसून पावडर टाकली की डाव पूर्वीसारखाच रंगतो. संगणकावरील एका खेळप्रकाराचे मात्र तसे नाही. इंटरनेटवर हजारो जण एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी जखमींना बरे करणारा. कामगिऱ्या पार पाडत आपले पात्र वाढवायचे, असा हा ऑनलाइन भूमिका-खेळ. हे जग कंपनीच्या सर्व्हरवर असते. कंपनीने त्यात मोठा बदल केला, की जुने जग सर्वांसाठीच नाहीसे होते. मग ते परत मिळावे अशी मागणी सुरू होते.

या ओढीला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. त्याच्या मते घराच्या आठवणीने झुरणे हा एक आजारच होता. आज आपण त्याला आजार मानत नाही, पण 'जुने ते सोने म्हणायची लोकांना सवयच असते' असे म्हणून सोडून देतो. जुन्या खेळांच्या बाबतीत हे कितपत खरे आहे, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा 'रूनस्केप' हा खेळ २००१ साली सुरू झाला. त्यात शत्रूवर एकदा क्लिक केले, की पात्र आपोआप लढत राही आणि खेळणाऱ्याला शेजारच्याशी गप्पा मारता येत. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने लढाईची पद्धत मुळापासून बदलली. आता सतत निरनिराळे डावपेच निवडत राहणे भाग पडू लागले. अनेक जण खेळ सोडून गेले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधील खेळाची जपून ठेवलेली प्रत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने खेळाडूंचे मत मागवले. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि त्याच महिन्यात जुना खेळ स्वतंत्रपणे पुन्हा सुरू झाला.

महत्त्वाचा भाग पुढेच आहे. नवी गोष्ट आणायची तर मतदान घ्यायचे आणि ७५ टक्के खेळाडूंनी होकार दिला तरच ती आणायची, असा नियम ठरला. पुढे ही अट ७० टक्के झाली. या जुन्या प्रतीत खरेदी-विक्रीची सामायिक बाजारपेठ नव्हती. विकणारे ठरावीक ठिकाणी उभे राहून आपला माल टाइप करून पुकारत. २०१५ साली याच खेळाडूंनी बाजारपेठेला कौल दिला. म्हणजे जुने हवे म्हणणाऱ्यांनाही जुने सगळेच नको होते. त्यांनी एकेक गोष्ट पारखून घेतली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे. हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. गुहेतील मोहिमेला पाच जण लागत. शहरात विचारपूस करून ते जमवायचे आणि गुहेपर्यंत प्रवास करायचा, यात पुष्कळ वेळ जाई. डिसेंबर २००९ मध्ये संघ आपोआप जुळवून थेट गुहेत पोचवणारी सोय आली. वेळ वाचला, पण सोबती आता दुसऱ्या सर्व्हरवरचे, अनोळखी असत. पूर्वी दगा देणाऱ्याचे नाव सगळीकडे होई. आता पुन्हा गाठच पडणार नसेल, तर बोलायचे तरी कशाला? गैरसोय गेली आणि तिच्याबरोबर ओळखही गेली.

काही हौशी मंडळींनी परवानगीशिवाय जुना खेळ स्वतःच्या सर्व्हरवर चालवला होता. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर तो बंद झाला. त्यानंतरच्या निवेदनावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच जुना खेळ परत आणला आणि प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागल्या.

पण एक गंमत झाली. रॅग्नरॉस नावाच्या ज्या राक्षसाला पहिल्यांदा हरवायला २००५ साली खेळ आल्यापासून सुमारे पाच महिने लागले होते, तो या वेळी आठवडाभराच्या आत पडला. परत आणलेली आवृत्ती नंतरची, सुधारलेली होती, हे एक कारण. मोठे कारण असे, की पंधरा वर्षांत सगळ्या वाटा, सगळे डावपेच लोकांना पाठ झाले होते. खेळ परत आला, पण पहिल्यांदा चाचपडण्यातील मजा परत आली नाही.

यावरून आम्हांला वाटते, की जुन्याच्या ओढीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, खेळाची रचना. ती परत आणता येते. दुसरी, सोबतची माणसे. ती काही अंशीच भेटतात. तिसरी, आपले तेव्हाचे वय आणि नवखेपण. ते कोणत्याही सर्व्हरवर जपून ठेवता येत नाही.

"आमच्या वेळची शाळा राहिली नाही," असे माजी विद्यार्थी आणि पालक म्हणतात, तेव्हा ही विभागणी उपयोगी पडावी. ते सारे हळवेपण म्हणून विश्वस्तांनी बाजूला सारू नये, आणि सगळे जुने परत आणावे असेही नाही. नेमके काय हरवले, हे एकेक विचारावे. कदाचित एखादी गैरसोयच निघेल, जिच्यामुळे मुले एकमेकांवर अवलंबून राहत आणि एकमेकांना ओळखत. पालकांनीही संगणकासमोर बसलेल्या मुलाला खेळ बंद करायला सांगण्याआधी एवढे जरूर विचारावे, "तू कोणाबरोबर खेळतोस?"