कामावर पाच वाजता, मजुरी अख्ख्या दिवसाची

आषाढात भंडाऱ्याकडे धानाची रोवणी रंगात आलेली असते. समजा, एखाद्या बांधीच्या मालकाने सकाळी सहाला आलेल्या बाईला आणि संध्याकाळी पाचला उगवलेल्या बाईला सारखीच मजुरी दिली, तीही शेवटी आलेलीला आधी आणि सगळ्यांदेखत. त्या धुऱ्यावर काय महाभारत होईल, ते पवनी-लाखांदूरकडच्या कुणालाही विचारा.

येशूने नेमकी हीच गोष्ट सांगितली, फक्त धानाच्या जागी द्राक्षमळा होता. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात मालक दिवसभरात पाच वेळा मजूर आणतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. सकाळपासून उन्हात घाम गाळलेले कुरकुरतात. मालक त्यांना सुनावतो, की ठरल्याएवढं तुम्हाला मिळालंय, माझ्या दिलदारपणाने तुमच्या पोटात का दुखावं? ख्रिस्ती श्रद्धेतली कृपा ती हीच. कमावता येत नाही, मागाहून फेडताही येत नाही.

बाप मध्येच बोलतो

उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यातली एक बारीक गंमत सहसा सुटते. बापाच्या हयातीत वाटणी मागून, पैसा उडवून, डुकरं राखायची पाळी आल्यावर पोरगा घरी निघतो. वाटेसाठी त्याने तीन कलमी कबुली तयार ठेवलीय : पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायची लायकी राहिली नाही, आता गडी म्हणून तरी ठेवा. तो दुरून दिसताच बापच धावत सुटतो. पोराची पहिली दोन कलमं होतात, आणि तिसरं ओठांवर यायच्या आत बापाने झगा, अंगठी आणि जोडे मागवलेलेही असतात. गडी व्हायचा अर्ज दाखलच होत नाही!

थोरला भाऊ मात्र शेतावरून येऊन दारातच फुगून बसतो. मला कधी मित्रांसाठी एक करडूसुद्धा दिलं नाहीत, ही त्याची तक्रार. खरं सांगायचं तर वाटणीचे खटले पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा थोरलाच जवळचा वाटेल. तो शेवटी आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलंच नाही.

सहा की सात?

आपले षड्रिपू सहा, ख्रिस्ती परंपरेतली प्रमुख पापं सात. दोन्ही याद्या शेजारी ठेवा : काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच दोन्हीकडे हजर. आपल्याकडे मोह उरतो; त्यांच्याकडे खादाडी आणि आळस. म्हणजे दुपारी भरपेट भात खाऊन ताणून देणाऱ्याला षड्रिपूंचं भय नाही, पण पोप ग्रेगरीच्या तावडीतून तो सुटायचा नाही. सातांची ही यादी सहाव्या शतकाच्या अखेरीस याच पोप ग्रेगरी पहिल्याने बसवली. बायबलात ती अशी एकत्र कुठेच सापडत नाही.

सफरचंदही नाही सापडत. आदाम-हव्वेने खाल्लेल्या फळाचं नाव उत्पत्तीच्या पुस्तकात दिलेलं नाही. सफरचंद रुजवलं ते युरोपातल्या चित्रकारांनी. मायकेलअँजेलोने मात्र सिस्टीन चॅपलच्या छतावर अंजिराचं झाड रंगवलं, म्हणजे आपल्या वड-उंबराचं भावंडच.

पापाकडून पुन्हा कृपेकडे वळू. ‘अमेझिंग ग्रेस’ हे कृपेचं जगप्रसिद्ध गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांची वाहतूक करणारा. १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात त्याला देव आठवला, आणि तरीही त्यानंतर काही वर्षं तो गुलामांच्या जहाजांवर कप्तानकी करतच राहिला. १७५४ मध्ये धंदा सुटला तो आजारपणामुळे. गुलामगिरीविरुद्ध पत्रक काढलं ते थेट १७८८ साली. कृपा क्षणात आली असेलही, अक्कल यायला चाळीस वर्षं लागली.

दगडवेडा मिशनरी

भंडाऱ्यात १८८० च्या दशकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं मिशन आलं. ही कॅल्विनच्या परंपरेतली मंडळी. माणसाने कितीही सत्कर्मं केली तरी तारण विकत मिळत नाही, ते देवाच्या कृपेनेच, ही त्यांची शिकवण. आणि हीच माणसं शाळा काढण्यात, दवाखाना चालवण्यात रात्रीचा दिवस करत! यातली विसंगती त्यांना टोचत नसे. कर्म हे तारणाचं भाडं नसून आभार आहे, असं त्यांचं उत्तर.

त्यांच्या नागपूरच्या कामाचा पाया घातला स्टीफन हिस्लॉप यांनी. धर्माखालोखाल त्यांचा जीव दगडांत. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात सर्वांना माहीत आहे. त्यांच्या नावाचं ‘हिस्लोपाइट’ हे खनिजही आहे, हे फार थोड्यांना.

मराठीतली पापाची आणि तारणाची मोठी कथा मात्र स्कॉटिश लोकांच्या कितीतरी आधीची आणि एका इंग्रजाची : फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’, १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्टही ऐकण्यासारखी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचाय. एवढी विदुषी बाई हे जाहीर लिहून मोकळी झाली, याचं मला कायम कौतुक वाटतं.

वरठीवरून गेलेली गाडी

आता भंडाऱ्याच्या हद्दीतली खास बाब. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि धर्मावर येऊन पोचल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला, वाचण्याचं वचन घेतलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. स्वतःला पतित म्हणवणारा तुकोबा ज्याने पाठ केलाय, त्याला पाप आणि कृपा वेगळी शिकवावी लागत नाही.

तो लोहमार्ग जातो वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून, पुढे तुमसर रोडवरून. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याला वळण देणाऱ्या त्या गप्पांचा काही भाग आपल्याच जिल्ह्यात रंगला असणार.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हे वळण पचायला पाच वर्षं लागली; त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्या वर्षांतली रडारड आणि हसू त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. वाचलं नसेल, तर पुढच्या प्रवासाला पिशवीत टाका. आणि भंडारा रोडला गाडी थांबल्यावर शेजारच्याने पुस्तक पुढे केलं, तर वाचायचं वचन जरा जपून द्या!