गुप्त पथक आणि त्याचा जाब : सातारच्या तुफान सेनेविषयी काही विचार

कथाकादंबऱ्यांतून, बोलपटांतून, आणि अलीकडे अतिमानवी वीरांच्या भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळांतून गुप्त कारवाया करणारी पथके तरुण पिढीच्या चांगल्या परिचयाची झाली आहेत. या खेळांतील पथक बहुधा पाच-सहा जणांचे असते व प्रत्येकाच्या अंगी काहीतरी अचाट शक्ती असते. पथकाची भाकरी कोण भाजते, पैसा कोठून येतो, असले प्रश्न तेथे उपस्थित होत नाहीत. पथकाने एखाद्यास शासन केले तर ते योग्यच होते, असे खेळाच्या नियमांनीच गृहीत धरलेले असते. कल्पनाविलासास हे शोभून दिसते. परंतु खरे गुप्त पथक कसे उभे राहते, कशावर टिकते, आणि त्याला जाब कोण विचारतो, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने, निदान कराडच्या परिसरात तरी, फार दूर जाण्याचे कारण नाही. कराड स्थानकावर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी अशी स्थानके लागतात. सुमारे 1943 ते 1946 या काळात सातारच्या प्रतिसरकारचे सशस्त्र अंग म्हणून वावरलेल्या तुफान सेनेची ही कर्मभूमी होय. या सेनेचा साद्यंत इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. गुप्त पथक म्हणून तिची घडण कशी होती, एवढ्यापुरताच येथे विचार करावयाचा आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या चळवळीचा प्रारंभ गुप्ततेत झाला नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाल्यावर सातारा जिल्ह्यात (त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग मोडत असे) जे घडले ते दिवसाढवळ्या घडले. 24 ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला, 3 सप्टेंबरला तासगावला, 9 सप्टेंबरला वडूजला, 10 सप्टेंबरला इस्लामपूरला. वडूज व इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण धारातीर्थी पडले. निःशस्त्र जमाव आणि बंदूक यांचा सामना कसा संपतो हे लोकांनी पाहिले, आणि त्यानंतर चळवळीतील अनेक तरुण भूमिगत झाले. सारांश, येथे गुप्तता हा कोणाचा छंद नव्हता, उघड मार्ग बंद झाल्यावर पत्करलेली ती अवस्था होती.

या तरुणांचे वय पाहिले म्हणजे आज नवल वाटते. कुंडलच्या गटाचे व तुफान सेनेचे प्रमुख जी. डी. बापू लाड यांचा जन्म डिसेंबर 1922 मधील. वाळव्याचे नागनाथ नायकवडी हेही त्याच वर्षी जन्मलेले. म्हणजे 1943 च्या उन्हाळ्यात दोघेही विशीच्या आसपास होते. लाड यांना ‘फील्ड मार्शल’ म्हणत आणि त्यांचे सहकारी रामचंद्र लाड हे ‘कॅप्टन भाऊ’ या नावाने ओळखले जात. ज्यांच्यापाशी बंदुका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या त्यांनी अशा पदव्या धारण कराव्यात याचे कोणास हसू येईल. आमच्या मते त्यात एक शहाणपण होते. आम्ही टोळी नव्हे, सेना आहोत, आणि आमच्यामागे एक सरकार आहे, हे त्या पदव्यांतून गावाला व स्वतःलाही बजावले जात होते.

सेनेच्या कार्यपद्धतीचा नमुना म्हणून शेणोलीचे उदाहरण घेऊ. 7 जून 1943 रोजी सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम घेऊन जाणारी पुणे-मिरज गाडी या स्थानकाजवळ अडविण्यात आली. रुळांवर पुढे दगडधोंडे रचून गाडी थांबविली. ती मागे हटू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही धोंडे रचले. हल्ला करणारांपाशी विळे, काठ्या आणि थोडे गावठी बाँब एवढीच सामग्री होती. गाडीवरील पहारेकऱ्यापाशी बंदूक होती, पण तिचा उपयोग होण्यापूर्वीच त्यास आवरण्यात आले. या कृत्यास ‘लूट’ म्हटलेले कॅप्टन भाऊंना उत्तरवयातही खपत नसे. इंग्रजांनी रयतेचे जे नेले होते ते आम्ही परत आणले, असे ते म्हणत. शब्दाचा हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट दिसते. या कारवाईत अचाट असे काही नाही. गाडी पुढे जाणार नाही याचा विचार कोणीही करील. ती मागेही जाणार नाही याचा विचार ज्याने केला त्याचे डोके शांत होते. शिवाय रक्कम कोणत्या गाडीत आहे ही बातमी आधी कोठून तरी यावी लागते, आणि काम झाल्यावर माणसांना गावोगावी विरून जावे लागते. ही दोन्ही कामे पथकाच्या हातची नसतात. ती पथकाबाहेरच्या माणसांनी करावयाची असतात.

विरून जाण्यास भूगोलानेही हात दिला. त्या काळी या टापूत इंग्रजी मुलूख सलग नव्हता. औंध, सांगली, मिरज, फलटण, जत, कोल्हापूर अशा संस्थानांचे तुकडे त्यात गुंतलेले होते. कुंडल हे औंध संस्थानात होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये राज्यकारभाराची सूत्रे प्रजेच्या हाती दिली होती. हद्द बदलली की पोलीसही बदलत. पाठलाग करणाऱ्या शिपायाला दुसऱ्या अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार करावा लागे आणि पळणाऱ्यास फक्त शेताचा एक बांध ओलांडावा लागे. तथापि संस्थानी हद्द म्हणजे अभयच होते असे मात्र नव्हे. यशवंतराव चव्हाण यांना 1943 मध्ये फलटण येथे अटक झाली. वसंतदादा पाटील सांगलीच्याच तुरुंगात होते. 24 जुलै 1943 रोजी तो तुरुंग फोडून ते साथीदारांसह बाहेर पडले तेव्हा पोलिसांच्या गोळ्यांनी सोबतचे काही सहकारी मारले गेले व ते स्वतः जखमी झाले.

भूगोलापेक्षाही मोठा आधार गावाचा होता. चार-दोन दिवस डोंगरात लपणे निराळे आणि चार वर्षे लपणे निराळे. नाना पाटील 1942 पासून 1946 पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांचा चेहरा कोणास ठाऊक नव्हता असे म्हणण्यास जागा नाही. त्यांनी पूर्वी तलाठ्याची नोकरी केलेली, शेकडो सभांतून अस्सल गावरान बोलीत भाषणे केलेली. किंबहुना या मुलखात त्यांच्याइतका ओळखीचा माणूस विरळाच. तात्पर्य, त्यांची गुप्तता न ओळखण्यावर उभी नव्हती. हजारो लोकांनी ओळखूनही न बोलण्यावर ती उभी होती. रात्री दार वाजले की चूल पेटवावयाची, आलेल्यास भाकरी द्यावयाची, सकाळी कोणी विचारले तर काही ठाऊक नाही म्हणावयाचे, हे काम बहुतांशी स्त्रियांनी केले. त्यांची नावे हुतात्म्यांच्या फलकांवर नाहीत.

काही स्त्रिया मात्र प्रत्यक्ष कारवायांतही होत्या. नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई (जन्म 1926) यांनी वृद्धापणी सांगितलेली एक हकीगत सर्वश्रुत आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग उभे करण्यात आले. ‘नवरा’ मारहाण करीत आहे, बायको आरडाओरड करीत आहे, असे पाहून शिपाई भांडण सोडविण्यास बाहेर धावले आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी ठाण्यातील बंदुका व काडतुसे हस्तगत केली. सोंग बेमालूम वठावे म्हणून मार मात्र खरा बसत होता. पुढे शस्त्रांच्या खटपटीत असलेले बाळ जोशी गोव्यात पोर्तुगीजांच्या हाती सापडले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी हौसाबाई तेथे गेल्या आणि परतताना रात्रीच्या वेळी एका लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी पार करून आल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याकडे पोलिसांनीही कधी संशयाने पाहिले नाही. सोंग यशस्वी झाले ते याच कारणाने, आणि समाजाविषयी ते जे सांगते ते काही भूषणावह नाही.

याच सुमारास युरोपात गुप्त पथकांचे दुसरे एक जग उभे होते. 1940 मध्ये ब्रिटनने शत्रूच्या ताब्यातील मुलखात घातपात घडविण्यासाठी एक स्वतंत्र खाते काढले. त्याची माणसे विमानातून हवाई छत्रीने उतरत व बिनतारी यंत्रावरून संदेश धाडीत. त्यांच्या मागे एक सरकार, त्याचा खजिना व त्याचे वरिष्ठ अधिकारी होते. सातारच्या पथकांमागे यांतील काहीच नव्हते. पैशासाठी त्यांना खजिनेच गाठावे लागले. 14 एप्रिल 1944 रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे सरकारी खजिन्याची सुमारे साडेपाच लाख रुपयांची रक्कम काढून घेण्यात आली. तीत सातारच्या कार्यकर्त्यांना खानदेशातील डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील यांचे साहाय्य होते. वारणेच्या खोऱ्यात मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर व नानकसिंग हे पडले. नानकसिंग लष्करी शिक्षण देण्यासाठी या भागात आलेले होते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. ज्याच्यापाशी शस्त्र आहे, ज्याच्यावर वरिष्ठ नाही, आणि ज्याचे कागदपत्र नाहीत, असे पथक दरोडेखोरांच्या टोळीपासून निराळे ते कशाने? हा प्रश्न त्या काळीच गावोगावी उभा राहिला होता, कारण या मुलखात खरेखुरे दरोडेखोरही होते व चळवळीचे नाव सांगून लुटणारेही निघत. प्रतिसरकारने अशा टोळ्यांचा बंदोबस्त हाती घेतला. गावात पंच व न्यायदान मंडळे नेमून तंटे मिटविले, दारूबंदी केली, हुंडा व थाटमाट वगळून लग्ने लावली. पथकास जी मान्यता लाभली ती प्रामुख्याने या कामामुळे, असे आमचे मत आहे. कर्जाचा किंवा बांधाचा तंटा चार दिवसांत सुटतो हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला सेना ही सेना वाटू लागली.

परंतु याच कामाला एक काळी किनार आहे. सावकार, गुंड व पोलिसांचे खबरे यांना शिक्षा होत असे ती तळपायांवर काठीचे तडाखे देण्याची. बैलाच्या खुरांना पत्री ठोकतात, त्यावरून लोक ‘पत्री मारली’ म्हणू लागले आणि ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले. विरोधकांनी हे नाव हेटाळणीने घेतले, लोकांनी कौतुकाने. शिक्षा झालेला माणूस खरोखर खबऱ्या होता काय, याचा निर्णय रात्री होत असे आणि त्यावर अपील नव्हते. वर जे मौन सांगितले त्यात भीतीचाही अंश असणारच, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही एक लगाम होता. पथकाला उद्याची भाकरी त्याच गावात मागावयाची असे. ज्या गावाचा निवाडा चुकला, तेथले दार पुढच्या खेपेस उघडेलच असे नव्हते. हा लगाम लेखी कायद्याइतका बळकट नव्हता, आणि ज्याच्या घरचे दार कोणी ठोठावीतच नसे अशा एकाकी माणसाच्या तो उपयोगी पडला नसावा.

1946 मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेण्यात आली आणि भूमिगत कार्यकर्ते प्रकट झाले. त्यांपैकी अनेकांनी पुढे उघड राजकारणात, सहकारात व शेतकरी चळवळीत आयुष्य घातले. त्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने व मुलाखतींतून उपलब्ध आहेत. दुसऱ्या बाजूला पोलिसांचे कागद आहेत. दोन्ही साधने सावधपणे वापरावी लागतात, कारण एकात प्रत्येक कारवाई पराक्रम असते व दुसऱ्यात प्रत्येक कारवाई दरोडा. हौसाबाई 2021 मध्ये व कॅप्टन भाऊ 2022 मध्ये निवर्तले. मारणाऱ्यांच्या व सोसणाऱ्यांच्या पिढीपैकी आता बहुधा कोणी उरलेले नाही. ज्यांच्या तळपायांवर काठी पडली त्यांच्या घरांत ती हकीगत कशी सांगितली जाते, किंवा सांगितलीच जात नाही, याची नोंद मात्र त्यांच्या नातवंडांकडून अजून घेता येण्यासारखी आहे.