शेवटच्या पायरीपासून

नांदूरघाटात सकाळी डेअरीवर दूध घालायला निघताना माझ्या चुलतभावाला दोन गोष्टी लागतात: वाट रोजचीच हवी आणि रांगेत कुणी धक्का द्यायचा नाही. तो चोवीस वर्षांचा आहे. स्वमग्न हा शब्द त्याच्या कागदावर यायला वीस वर्षं गेली. तोवर गावाच्या लेखी तो नुसता 'येडा'.

दसरा उलटला की काका-काकू टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरात आजी आणि तो. घरातली दोन माणसं अशी अचानक वजा झाली की त्याचा दिवसच मोडतो. जेवण सुटतं, रात्रभर अंगणात येरझारा चालतात. म्हणून मी व्यवसायोपचार करणाऱ्या एका मॅडमना घरी आणलं. आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "कसला व्यवसाय काढून देणार हाय ही?"

आजीची चूक नाही, शब्दच फसवा आहे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. दात घासण्यापासून बाजार करण्यापर्यंत माणूस दिवसभर ज्या ज्या कामात असतो, ते सगळं त्यात येतं. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी झालेल्या कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. पाऊणशे वर्षांनी तो शब्द आमच्या ओसरीवर पोचला. त्यातही जिथे जिथे चौकशी केली तिथे पहिला प्रश्न एकच, "बाळ किती वर्षांचं आहे?"

मॅडमनी पहिला दिवस नुसतं बघण्यात घालवला. डेअरीवर फॅट मोजायचं मशीन वाजलं की हा किटली टाकून पळायचा. आम्ही त्याला आळस म्हणत होतो. मॅडमनी कान दाबलेले त्याचे हात पाहिले. कानात कापूस आणि वरून मफलर, एवढाच उपाय निघाला. थंडीत मफलर गुंडाळलेल्या माणसाकडे गावात कोण वळून बघतं?

किटली आम्ही त्याला अर्धीच भरून द्यायचो, बिचारा म्हणून. "पूर्ण भरा," त्या म्हणाल्या. ओझ्याने सांध्यांवर, स्नायूंवर ताण येतो आणि अशा कित्येकांचा जीव त्याने थाऱ्यावर येतो. दहा लिटर घेऊन तो खरंच सरळ चालला.

मग त्यांनी वहीत दूध घालण्याच्या अकरा पायऱ्या लिहिल्या आणि शिकवायला शेवटची आधी घेतली. रांगेत किटली ठेवणं, नमुना देणं, पावती घेणं हे सगळं मी करायचं. घरी आल्यावर पावती आजीच्या हातात तेवढी त्याने द्यायची. ती जमली की तिच्या आधीची. काम पुरं झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळावा, हा हिशोब. सुरुवातीला त्याचा हात धरायचा, पुढे नुसतं बोट दाखवायचं, नंतर गप्प उभं राहायचं. हे गप्प राहणं फार अवघड. आजीला तर ते कधीच जमलं नाही: "लेकरू थांबायलंय की, सांग ना त्याला!"

मॅडम दोन दिवसांनी गेल्या, बाकीचं फोनवर. चार महिन्यांत सात पायऱ्या त्याच्या झाल्या. फॅटचा आकडा पावतीशी ताडून बघणं अजून माझ्याकडेच आहे.

डेअरी बंद असली तर काय, हे मात्र वहीत कुठेच नव्हतं. परवा दाराला कुलूप होतं. तो तासभर किटली धरून उभा राहिला. कशीबशी समजूत काढून मी त्याला घरी आणलं, पण उंबऱ्याच्या आत तो येईना. आजीने हाका मारल्या, चहा दाखवला. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहीचा कागद फाडून मी त्यावर लिहिलं, 'आज डेअरी बंद', आणि त्याच्या हातात दिलं. त्याने तो नीट घडी घालून आजीला दिला आणि आत जाऊन चहाला बसला.

आजीला वाचता येत नाही. तिने कागद पावत्यांच्या डब्यात ठेवला.