यंत्राची नाडी

आषाढातील पहाट होती. रात्रभर पावसाची झड लागून राहिली होती. कोकणातील एका लहानशा गावात, एका घराच्या अंगणात, जुन्या बनावटीची मोटारगाडी उभी होती. घरातील वृद्ध आजीला मध्यरात्रीपासून धाप लागली होती. तिला तालुक्याच्या रुग्णालयात तातडीने न्यावयाचे होते. नातवाने किल्ली फिरविली. इंजिन ‘घर्र घर्र’ असा आवाज करीत फिरले; परंतु सुरू झाले नाही. त्याने पुन्हा किल्ली फिरविली, तिसऱ्यांदा फिरविली, चौथ्यांदा फिरविली. आवाज तोच, गाडी मात्र जागची हालेना.

इतक्यात शेजारचे म्हातारे मिस्त्री छत्री सावरीत अंगणात आले. ते म्हणाले, “थांब बाळा, अशाने बॅटरी मात्र संपेल. गाडी काही रुसत नसते. तिला काहीतरी हवे असते. काय हवे आहे, ते आधी तिलाच विचारू या.”

गाडीला विचारावयाचे, म्हणजे काय करावयाचे? हे समजण्यासाठी इंजिनाचे कार्य थोडक्यात जाणून घेतले पाहिजे.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात ‘सिलिंडर’ या नावाची पोकळ नळकांडी असतात व प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर सरकत असतो. दट्ट्याच्या चार धावांचे चक्र निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली यशस्वी करून दाखविले. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दट्ट्या वर जातो व ते मिश्रण दाबले जाते. त्याच सुमारास प्लगच्या टोकाशी विजेची ठिणगी पडते. मिश्रण पेटते आणि तप्त वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. ही तिसरी धाव होय. चौथ्या धावेत जळलेले वायू बाहेर टाकले जातात. या चौघींपैकी एकच धाव शक्ती देणारी; उरलेल्या तिन्ही तिच्याच जिवावर चालतात. म्हणूनच मिश्रण पहिल्याने पेटेपर्यंत इंजिनाला बाहेरून कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वी हे काम मनुष्य लोखंडी हँडल घालून करीत असे. आता बॅटरीवर चालणारे एक लहानसे विजेचे यंत्र ते करते. त्यालाच बोलण्यात ‘सेल्फ’ म्हणतात.

तेव्हा इंजिन फिरणे ही एक गोष्ट झाली आणि इंजिन सुरू होणे ही दुसरी. फिरणे उसन्या बळावर होते. सुरू होणे स्वतःच्या बळावर. हे स्वतःचे बळ येण्यासाठी इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्यावर पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. तीन्हींपैकी एक जरी उणी पडली, तरी इंजिन नुसतेच फिरत राहते. मिस्त्रींना शोधावयाचे होते ते इतकेच, की या तिघांपैकी गैरहजर कोण?

त्यांनी प्रथम कानाचा उपयोग केला. “एकदाच किल्ली फिरव, मी सांगताच सोड,” असे ते म्हणाले. इंजिन चांगल्या जोमाने फिरत होते. अर्थात बॅटरी आणि सेल्फ यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. बॅटरी निकामी असती, तर नुसती ‘टक टक’ ऐकू आली असती किंवा इंजिन रखडत फिरले असते. शिवाय आवाजात एक ठरावीक ठेका होता. दट्ट्या मिश्रण दाबू लागला, की इंजिन किंचित अडते व पुन्हा पुढे जाते. त्याचाच तो ठेका. झडपा हलविणारा पट्टा तुटला असता, तर बहुधा हा ठेका नाहीसा होऊन इंजिन नेहमीपेक्षा हलके फिरले असते. म्हणजे दाबही ठीक होता.

नंतर त्यांनी नाकाचा उपयोग केला. गाडीच्या मागील नळीपाशी पेट्रोलचा वास येत होता. त्यावरून टाकीत पेट्रोल आहे आणि ते इंजिनापर्यंत पोहोचते आहे, हे उघड झाले. हवा गाळणारी जाळी त्यांनी उघडून पाहिली. तीही स्वच्छ होती. पेट्रोलच्या एका भारास सुमारे पंधरा भार हवा लागते; जाळी धुळीने गच्च झाली, तर हा हिशेब बिघडतो.

आता एकच संशयित उरला, तो म्हणजे ठिणगी. अंधारात नीट दिसावे म्हणून नातू काडी पेटवू लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात घट्ट धरला. “पेट्रोलचा वास येतो तेथे आग आणू नये. विजेरी आण. आणि किल्ली काढून माझ्या हाती दे.” पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, परंतु एखादी काडीही तिला पेटविण्यास पुरेशी असते. तसेच बॅटरीची बारा व्होल्टची वीज कॉइलमधून जाताना हजारो व्होल्टची होते. म्हणून गाडी चालू करण्याच्या स्थितीत असताना त्या तारांना हात लावणे धोक्याचे असते.

विजेरीच्या उजेडात दोष सापडला. कॉइलची वीज एकेका प्लगला वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात रात्रीच्या पावसाने दमटपणा धरला होता. प्लगकडे जाणाऱ्या तारांवरही पाण्याचे बारीक थेंब होते. वीज प्लगपर्यंत न जाता त्या ओलाव्यातूनच वाट काढून निसटत होती. मिस्त्रींनी झाकण व तारा कोरड्या फडक्याने पुसल्या आणि सर्व काही जागच्या जागी बसविले. साचलेले पेट्रोल उडून जावे म्हणून ते काही मिनिटे थांबले. मग किल्ली फिरली आणि इंजिन लगेच सुरू झाले. आजीला घेऊन गाडी रुग्णालयाच्या वाटेला लागली.

मोटारगाडीच्या जन्मकाळीही असाच प्रसंग आला होता. जर्मनीतील कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. परंतु लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था बेंझ पतीला न सांगता, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीने निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक होते. वाटेत इंधनाच्या नळीत कचरा अडकला. बर्थाने तो टोपीच्या पिनेने काढला. ठिणगीच्या तारेवरील आवरण झिजले. तेथे तिने आपल्या मोज्याचा बंध गुंडाळला, असे सांगतात. एक दोष इंधनाचा, दुसरा ठिणगीचा! ती घाबरून परत फिरली असती, तर लोकांचा अविश्वासच दृढ झाला असता.

आज बहुतेक नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर राहिलेला नाही. पेट्रोल किती व केव्हा सोडावे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी, हे आता संगणक ठरवितो. दोष शोधण्यासाठी त्याला उपकरण जोडावे लागते. काही गाड्यांत किल्लीची खूण पटल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही. डिझेल इंजिनात तर ठिणगीच नसते. हवा अतिशय दाबून इतकी तापविली जाते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. साधने बदलली, प्रश्न मात्र बदलले नाहीत. इंधन पोहोचते का? हवा मिळते का? दाब आहे का? योग्य क्षणी पेट घेतला जातो का?

त्या पहाटे नातू आणि मिस्त्री यांच्यापुढे गाडी एकच होती आणि घाईही एकच होती. नातू एकच कृती पुन्हा पुन्हा करीत राहिला. मिस्त्रींनी मात्र प्रत्येक कृतीतून एका प्रश्नाचे उत्तर मिळविले व निर्दोष ठरलेल्या भागाला बाजूस सारले. संशय घ्यावा, परंतु तो क्रमाने घ्यावा. अडचणीच्या वेळी ज्याला असा धीर धरता येतो, त्याचा वेळ वाया जात नाही. उलट, त्याचेच काम अखेर लवकर होते.