कुत्र्याला ट्रेनर लावताय? पैसे देण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून हे वाचा

मळ्यातल्या वस्तीवर लॅब्राडॉर नाहीतर जर्मन शेफर्डचं पिल्लू येतं ते बहुतेक वेळा हौसेनं. पोरांचा हट्ट असतो, किंवा बेदाणा शेडला राखण हवी असते. पहिले दोन महिने नुसते फोटो आणि स्टेटस. आठव्या महिन्यात तेच पिल्लू पंचवीस-तीस किलोचं होतं. आजीच्या अंगावर उड्या मारतं, दूधवाल्याच्या गाडीमागं धावतं. द्राक्षाच्या छाटणीला आलेल्या बायका बांधावरूनच ओरडतात, "आधी कुत्रं बांधा, मग आम्ही येतो." मग ते साखळीला जातं. दिवसभर साखळीला राहिलं की आणखी बिथरतं. आणि एक दिवस कुणीतरी सांगतं, "अमुक एक ट्रेनर आहे, महिन्यात सरळ करून देतो."

शहरातली ही सोय आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचू लागली आहे. काही ट्रेनर घरी येतात, काही कुत्रं स्वतःकडं ठेवून घेतात. काम हजारांत जातं. त्यामुळं नक्की काय विकत घेतोय, हे आधी समजून घेतलेलं बरं.

शिकवतात तरी काय?

याला ओबिडियन्स ट्रेनिंग म्हणतात, साध्या भाषेत आज्ञापालन. शेकहँड करणं, गोल फिरणं ही करमणूक झाली, त्याचा यात फारसा संबंध नाही. मूळ धडे पाच-सहाच असतात: बसणं, जागेवर थांबणं, बोलावलं की येणं, तोंडातली वस्तू सोडणं, दावं न ओढता सोबत चालणं.

शहरात सोबत चालण्याला महत्त्व असतं, कारण तिथं रस्त्यावर गर्दी असते. आपल्याकडं मात्र दोन धडे जीव वाचवणारे आहेत, 'ये' आणि 'सोड'. उंदरांसाठी ठेवलेलं औषध, बांधावर पडलेली थिमेटची पिशवी, कुणीतरी फेकलेलं मेलेलं जनावर, हे सगळं कुत्र्याच्या तोंडात जायला एक क्षण लागतो. 'सोड' म्हटल्यावर सोडणारं कुत्रं वाचतं. 'ये' म्हटल्यावर वळणारं कुत्रं हायवेवर जात नाही आणि शेळ्यांच्या कळपातही घुसत नाही. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा, मला हे दोन धडे पक्के पाहिजेत, बाकीचं नंतर.

'ये' म्हटलं की कुत्रं पळतं का?

शिकवण्यामागचं तत्त्व एका ओळीचं आहे. एखादी गोष्ट केल्यावर लगेच काही चांगलं मिळालं, तर कुत्रं ती गोष्ट पुन्हा करतं. सगळी मेख 'लगेच' या शब्दात आहे. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. कुत्रं बसलं, तुम्ही चुलीपाशी जाऊन भाकरीचा तुकडा आणला, तोवर ते उठून तुमच्या अंगावर उडी मारतंय, आणि तुकडा पडला. तुमच्या मते तुम्ही बसण्याचं बक्षीस दिलं. कुत्र्याच्या लेखी ते उडीचं. म्हणून ट्रेनरच्या कमरेला खाऊची पिशवी कायम लटकलेली दिसते.

आता 'ये' बघा. आपण कुत्र्याला कधी बोलावतो? बांधायचं असलं की. अंघोळ घालायची असली की. काहीतरी नासधूस केली आणि दोन फटके द्यायचे असले की. दहा वेळा असं झालं की 'ये' या शब्दाचा अर्थ त्याच्या डोक्यात पक्का बसतो: जवळ गेलं की वाईट होतं. मग ते चार हात लांब उभं राहून शेपूट हलवतं आणि आपण म्हणतो, लई हुशार झालंय, मुद्दाम ऐकत नाही. खरं म्हणजे ते आपण शिकवलेलंच करतंय.

यावर ट्रेनर जे करतो ते तुम्हालाही जमेल. बोलवायचं, आलं की तुकडा द्यायचा आणि परत मोकळं सोडायचं. दहातल्या नऊ वेळा मोकळं सोडायचं. बांधायचं असेल तेव्हा बोलवायचंच नाही, आपण चालत त्याच्यापर्यंत जायचं. उशिरा आलं तरी मारायचं नाही, कारण त्या क्षणी मार मिळतो तो येण्याबद्दल.

भाषेचा प्रश्न बरेच जण विचारतात. कुत्र्याला इंग्रजीच कळतं का? तसं काही नाही. मराठी, कन्नड, काहीही चालतं. पण आपल्या बोलण्यात एक अडचण आहे. 'बस' हा शब्द आपण दिवसात पन्नास वेळा वापरतो: "बस झालं", "बस आली का", "बसा की पावणं". आणि 'ये' म्हणजे 'ए' असंही ऐकू येतं, जे आपण हाड-हाड करताना ओरडतो. 'सिट' आणि 'कम' घरात एरवी कुणी बोलत नाही, म्हणून ते शब्द कुत्र्याला वेगळे ओळखू येतात. मराठी शब्द ठेवायचे असतील तर थोडे वेगळे निवडा, पण घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आजोबा 'खाली बस', पोरगं 'सिट' आणि वहिनी 'गप बस की' म्हणत असतील, तर कुत्र्यानं कुणाचं ऐकायचं?

महिनाभर ठेवून घेतो म्हणाला तर

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथं. कुत्रं महिना-दीड महिना ट्रेनरकडं राहतं, तिथं सगळं करतं, व्हिडिओ येतात, घरचे खूश. घरी आल्यावर आठवडाभर शहाण्यासारखं वागतं. मग हळूहळू जुन्या वळणावर जातं. ट्रेनर म्हणतो तुम्ही बिघडवलं, आपण म्हणतो ट्रेनरनं फसवलं.

कारण साधं आहे. कुत्रं शिकतं ते त्या माणसाच्या हाताखाली आणि त्या जागेत. ट्रेनरच्या मैदानात बसणारं कुत्रं आपल्या गोठ्यासमोर, म्हशी ओरडत असताना, तेच करेल असं नाही. तिथं ते पुन्हा शिकवावं लागतं, आणि तिथं असतो आपण, ट्रेनर नाही. पोलिसांच्या किंवा सैन्याच्या श्वान पथकात बघा, कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणारा जवानही प्रशिक्षण घेतो. हँडलर बदलला तर नव्या माणसाशी जुळायला वेळ द्यावा लागतो. तिथं हे असं, तर आपल्या घरात कुत्रं एकटंच शिकून येईल ही अपेक्षा कशी धरायची?

म्हणून घरी येऊन शिकवणारा, आणि तेही घरातल्या माणसांच्या हातात दावं देऊन शिकवणारा ट्रेनर मिळाला तर तो घ्या. आठवड्यातून एक-दोनदा आला तरी चालेल, मधले दिवस सराव तुम्ही करायचा. बहुतेक घरांत भाकरी घालते ती बाई आणि ट्रेनरशी बोलतो तो कर्ता पुरुष. हे उलटं आहे. जिच्या हातून कुत्रं रोज खातं, तिनंच त्या तासाला उभं राहायला पाहिजे.

ट्रेनर व्हायला आपल्याकडं सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो. पोलीस किंवा सैन्यातून निवृत्त झालेले काही जण हे काम करतात, त्यांचा हात चांगला बसलेला असतो. पण गुन्हेगार धरणारं कुत्रं आणि नातवंडांत वावरणारं कुत्रं यांची गरज वेगळी आहे, हे त्यांनाही विचारून बघा. आधी त्याचा एखादा तास लांबून बघायला मागा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कुत्र्यानं चूक केली तर तुम्ही काय करता, हे विचारा. शेपूट पायात घालून, कान मागं पाडून शिकणारी कुत्री दिसली तर मग दुसरं काही विचारायची गरज नाही. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. आणि त्यानं तुमच्याकडं लसीकरणाचं कार्ड मागितलं पाहिजे. चार घरची कुत्री एकत्र ठेवणारा माणूस कार्ड मागत नसेल तर पार्व्हो घरी यायला वेळ लागत नाही.

मारल्याशिवाय ऐकत नाही?

हे वाक्य गावात सगळ्यात जास्त ऐकू येतं. काट्याचा पट्टा, गळा आवळणारी साखळी, करंट देणारा पट्टा, साधी काठी, यांनी कुत्रं थांबतं हे खरं आहे. प्रश्न पुढं काय होतं याचा आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षा देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं.

आपल्या अंगणात याचा अर्थ काय होतो ते सांगतो. कुत्रं चावायच्या आधी गुरगुरतं. ती त्याची सूचना असते: लांब राहा, मला भीती वाटतेय. गुरगुरलं म्हणून फटका दिला, पुन्हा गुरगुरलं, पुन्हा फटका. काही दिवसांनी ते गुरगुरायचं बंद होतं आणि आपण म्हणतो सुधारलं. भीती मात्र तशीच असते. पुढच्या वेळी पाहुण्यांचं पोरगं जवळ जातं तेव्हा ते आवाज न करता थेट चावतं. "काहीच कारण नसताना चावलं" अशा कित्येक गोष्टींच्या मागं हा इतिहास असू शकतो.

साखळीचंही तसंच. बांधून ठेवल्यानं कुत्रं तिखट होतं म्हणतात. होतं ते घाबरट आणि चिडकं, आणि साखळी तुटली की घरच्यालाही ओळखत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर फार वेळ बांधून ठेवणं गुन्हा धरलं आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणलं नाही तर तेही त्यात बसतं.

आणि कुत्रं दुसऱ्याला चावलं तर? धोका माहीत असून किंवा निष्काळजीपणानं पुरेसा बंदोबस्त केला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली, असं नाही. चावलेल्या माणसाची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या.

पिल्लू कितव्या दिवशी आणलं, हेही बघा

पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, ऐकतं, त्याची त्याला पुढं भीती वाटत नाही. या काळात त्याला ट्रॅक्टर, छत्री, घोंगडं पांघरलेला माणूस, हेल्मेट, बँडचा आवाज, मेंढरं, सगळं लांबून आणि खाऊ देत दाखवलं पाहिजे. लसी पूर्ण झाल्या नसतील तर कडेवर घेऊन दाखवा, जिथं परकी कुत्री फिरतात तिथं जमिनीवर सोडू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनी द्यायची आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवायची.

आपल्याकडं तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. २०१७ च्या नियमांप्रमाणं आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि त्याला कारण आहे. भावंडांत खेळताना जोरात चावलं की दुसरं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतं. दात किती लावायचा हे पिल्लू तिथं शिकतं. लवकर तोडलेल्या पिल्लाचा हा वर्ग बुडतो आणि त्याची फी पुढं आपले हात भरतात.

मोठं कुत्रं शिकत नाही असं मात्र नाही. वेळ जास्त लागतो एवढंच. गावठी कुत्रंही तितकंच शिकतं. जत-आटपाडीकडं ज्यांच्याकडं कारवानी आहे त्यांनी थोडा जास्त धीर धरावा. ही जात डोळ्यानं शिकार हेरून पळणारी आहे. ससा उठला की तिला हाक ऐकू येणं अवघडच. तिला 'ये' शिकवायचं ते आधी लांब दोरीवर, आणि पक्कं होईपर्यंत मोकळं सोडायचं नाही.

एक गोष्ट ट्रेनरच्या हातातली नाही. शांत कुत्रं अचानक चिडकं झालं तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. कानात गोचीड असेल, सांधा दुखत असेल, तर दुखणारं कुत्रं कुठल्याच शिकवणीनं शांत होत नाही. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, वागणं एकदम बदललं असेल, तर हातही लावू नका. पोरांना लांब करा आणि डॉक्टरांना फोन करा.

ट्रेनर ठरेपर्यंत थांबायचीही गरज नाही. सकाळी खायला घालायच्या आधी, भूक असताना, पाच मिनिटं द्या. सुरुवात पडवीत करा, कारण अंगणात कोंबड्या असतात आणि तिथं तुमचं कोण ऐकणार? आठवडाभर पडवीत जमलं की अंगणात, मग बांधावर. एकदाच बोलवा, दहा वेळा हाक मारली तर त्याला दहावीची वाट बघायची सवय लागते. बक्षीस म्हणून भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा, उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याची उकडलेली कलेजी पुरते. द्राक्षं आणि बेदाणा मात्र चुकूनही देऊ नका. घरात कितीही पोती पडलेली असली तरी नाही. त्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, थोड्याशा बेदाण्यानंही. शेडवर राखणीला कुत्रं बांधत असाल तर खाली सांडलेला माल रोज झाडून घ्या.